'इनोला गे' : एका नावाचा इतिहास

'ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क' या ब्रिटिश वाद्यवृंदाची 'इनोला गे' ही एकगीती तबकडी २६ सप्टेंबर १९८० रोजी प्रकाशित झाली. साडेतीन मिनिटांचे हे गाणे ब्रिटनच्या विक्रीतक्त्यात आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, इटलीत ते पहिल्या क्रमांकावर गेले, आणि युरोपभरच्या नृत्यगृहांतून त्या वर्षीची तरुण मुले त्यावर नाचली. गाण्याचा विषय मात्र ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे विमान हा आहे. १९४५ अखेरपर्यंत ज्या शहरात सुमारे १,४०,००० माणसे मेली असे त्या शहराचाच अंदाज सांगतो, त्या शहरावरून गेलेल्या विमानाचे नाव गुणगुणत लोक नाचले. या विसंगतीकडे संस्कृतीच्या अधःपाताचा आणखी एक पुरावा म्हणून बोट दाखवणे सोपे आहे. पण हे गाणे लक्षपूर्वक ऐकले, आणि त्यातील नाव कुठून आले याचा माग काढत गेले, तर ती विसंगती गाण्याबाहेरची नसून गाण्याच्या घडणीतच आहे, आणि गाण्याच्या आधी ती त्या नावात होती, असे दिसू लागते.

लोकप्रिय गीत म्हटले की आपली समीक्षा एक तर ते समाजशास्त्राच्या स्वाधीन करते, नाही तर नाक मुरडते. लावणीच्या वाट्याला हे दीर्घकाळ आले. विक्रीतक्त्यावरच्या पाश्चात्त्य गाण्याच्या बाबतीत तर नाक मुरडण्याचे कष्टही कुणी घेत नाही. तरीही इतिहासातील एखाद्या घटनेचा उच्चार कोणत्या संहितांमधून होतो, आणि कोणत्या संहितांमधून तो टाळला जातो, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचा नाही. किंबहुना, या विमानाच्या आणि त्यातील अस्त्राच्या नावांचा इतिहास पाहिला तर साहित्याला येथे तटस्थ राहताच येत नाही.

नावापासूनच सुरुवात करू. बी-२९ जातीचे हे विमान अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात मार्टिन कंपनीच्या कारखान्यात बांधले गेले. कर्नल पॉल टिबेट्स यांनी ते स्वतः निवडले, आणि ५ ऑगस्ट १९४५ रोजी, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, त्याच्या नाकाडावर आपल्या आईचे नाव रंगवून घेतले. एरवी त्या विमानाचे सारथ्य करणारे रॉबर्ट लुईस यांना हे रुचले नव्हते. टिबेट्स यांनी आपल्या निवडीचे कारण पुढे अनेकदा सांगितले आहे. त्यांच्या वडिलांची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावे अशी होती. मुलाने वैद्यकाचा अभ्यास सोडून वैमानिक व्हायचे ठरवले तेव्हा घरात एकटी आई त्याच्या बाजूने उभी राहिली, आणि तुझे काही वाईट होणार नाही असा धीर तिने दिला. जो मुलगा रोगी बरे करणार होता तो वैमानिक झाला, आणि आईचा तो आशीर्वाद घेऊन हिरोशिमावर गेला. कादंबरीकाराने ही योजना केली असती तर समीक्षकाने तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते.

पण त्या आईला तरी हे नाव कुठून मिळाले? तिचे नाव एका कादंबरीच्या नायिकेवरून ठेवले होते असे टिबेट्स सांगत. मेरी यंग रायडनबॉ या लेखिकेची १८८६ मधील एक कादंबरी 'इनोला' याच नावाची आहे, आणि तिच्या उपशीर्षकात नायिकेच्या घातक चुकीचा उल्लेख आहे. हीच ती कादंबरी असावी असे मानले जाते. रोमन अक्षरांत हे नाव उलटे वाचले तर 'एकाकी' या अर्थाचा इंग्रजी शब्द मिळतो. एकोणिसाव्या शतकातील एका भावविवश कादंबरीतून नायिकेचे नाव एका मुलीला, मुलीचे नाव तिच्या मुलाच्या हातून एका यंत्राला, आणि यंत्राचे नाव पस्तीस वर्षांनी एका नृत्यगीताला, असा हा प्रवास आहे.

अस्त्रांच्या नावांची कथाही वेगळी नाही. लॉस अलामॉस येथील भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट सर्बर यांनी नोंदवल्याप्रमाणे 'थिन मॅन' हे आधीच्या एका आराखड्याचे नाव डॅशिएल हॅमेट यांच्या १९३४ मधील रहस्यकादंबरीवरून आले, तर नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचे 'फॅट मॅन' हे नाव 'द मॉल्टीज फाल्कन'मधील एका पात्रावरून. सडपातळ माणसाचा तो आराखडा रद्द झाला, आणि त्याच्या पुढच्या, आखूड भावंडाला 'लिटल बॉय' हे नाव पडले. ओपेनहायमर आणि भगवद्गीता यांची सांगड आपल्याकडे इतक्या वेळा घातली जाते की त्यामागे थोडा छुपा अभिमानही असावा अशी शंका येते. अणुबॉम्बच्या निर्मितीत साहित्याचा वावर मात्र गीतेपेक्षा कितीतरी अधिक घरगुती पातळीवरचा होता. रहस्यकथा, भावकथा, टोपणनावे, लाडाची नावे यांनी ते जग भरलेले होते. भीषण वस्तू हाताळण्यासाठी माणसांना घरातले शब्द लागतात. विमान ही आई आणि बॉम्ब हा लहान मुलगा, ही प्रतिमा कोणा कवीने रचली नाही. ती दोन स्वतंत्र नामकरणांच्या योगायोगातून तयार झालेली होती आणि तशीच पडून होती. तिच्यातील अर्थ ऐकणारा कान तेवढा लागणार होता.

मराठी कानाला या नावात आणखी एक गोष्ट ऐकू येते, तिचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. 'गे' हे आपल्याकडे स्त्रीला हाक मारण्याचे अव्यय आहे. ओवीत, अभंगात 'माय' या शब्दाच्या आगेमागे ते सहज येते. हा निव्वळ ध्वनीचा योगायोग आहे, त्यावरून काही सिद्ध करायचे नाही. परंतु गाणे प्रारंभापासून जे करते ते हेच आहे. ते विमानाचे वर्णन करीत नाही, त्याला हाक मारते.

आता गाण्याकडे. अँडी मक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज हे लिव्हरपूलच्या पलीकडच्या विरल द्वीपकल्पातले, १९५९-६०च्या सुमारास जन्मलेले दोन मित्र. मक्लस्कीने १९७५ मध्ये लिव्हरपूलला जर्मनीच्या 'क्राफ्टवेर्क' या वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकला आणि यंत्रांच्या संगीताची वाट त्याला सापडली. क्राफ्टवेर्कच्या त्याच वर्षीच्या संग्रहाचा विषय किरणोत्सर्ग आणि रेडिओ असा दुहेरी श्लेषाचा होता, हे येथे विसरता येत नाही. १९७८ मध्ये या दोघांनी आपला वाद्यवृंद काढला; १९७९ मध्ये 'इलेक्ट्रिसिटी' हे पहिले गाणे मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने प्रकाशित केले. त्यांचा पहिला खरा सिंथेसायझर, कॉर्ग कंपनीचा मायक्रो-प्रीसेट, मक्लस्कीच्या आईकडे येणाऱ्या टपाल-खरेदीच्या सूचिपत्रातून हप्त्यांवर घेतलेला होता. 'इनोला गे' ज्या 'ऑर्गनायझेशन' या संग्रहाच्या आरंभी येते त्याच्या अखेरीस 'स्टॅनलो' हे गीत आहे. स्टॅनलो हा चेशायरमधील तेलशुद्धीकरणाचा कारखाना. मक्लस्कीचे वडील तेथे कामाला होते, आणि त्या गीतात तिथल्या यंत्राचा खराखुरा आवाज ध्वनिमुद्रित करून घातला आहे. संग्रहाच्या एका टोकाला दुसऱ्याच्या आईचे नाव घेतलेले यंत्र आणि दुसऱ्या टोकाला वडिलांच्या रोजगाराचे यंत्र. ही रचना जाणीवपूर्वक केली असेल असे नाही. परंतु औद्योगिक उत्तर इंग्लंडमध्ये वाढलेल्या या मुलांना यंत्र हे परके, थंड, अमानुष असे काही वाटत नव्हते, ते घरच्या माणसांइतके जवळचे होते, एवढे तरी यातून दिसते. 'न्यू वेव्ह' या नावाखाली मोडणाऱ्या त्या काळच्या पुष्कळ संगीतात यंत्राची थंड पोझ आहे. येथे ती नाही. येथे यंत्राविषयी एक विलक्षण कोवळीक आहे, आणि गाण्याचा सारा पेच त्या कोवळिकीतून उद्भवतो.

मक्लस्कीला दुसऱ्या महायुद्धातील विमानांचे वेड होते. हे गाणे राजकीय हेतूने लिहिले नव्हते, जगाचे स्वरूप बदलणाऱ्या विमानाला आईचे नाव असावे याचे आपल्याला कुतूहल वाटले, अशा आशयाचे त्याने मुलाखतींतून सांगितले आहे. लेखकाचा हेतू आपण मानावा. पण संहिता ज्या दिवशी प्रकाशित होते त्या दिवसाचे वर्तमान तिच्यात शिरल्याशिवाय राहत नाही. १९८० च्या मे महिन्यात ब्रिटिश सरकारने 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' ही पुस्तिका विक्रीला काढली. अणुहल्ला झाल्यास घरातले दरवाजे काढून भिंतीला टेकवावे आणि त्याखाली आसरा घ्यावा, असे ती नागरिकांना समजावीत होती. त्याच वर्षी इतिहासकार ई. पी. टॉम्पसन यांनी तिच्या शीर्षकातील एक शब्द बदलून 'प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह' हे उत्तर लिहिले. जूनमध्ये ग्रीनहॅम कॉमन येथील तळावर अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रे ठेवण्याची घोषणा झाली; जुलैमध्ये ट्रायडंट क्षेपणास्त्रे घेण्याचा थॅचर सरकारचा निर्णय जाहीर झाला. गाणे आले ते सप्टेंबरअखेर, आणि ते विक्रीतक्त्यावर चढत असतानाच, २६ ऑक्टोबरला, लंडनच्या ट्राफल्गार चौकात अण्वस्त्रविरोधी चळवळीचा प्रचंड मेळावा भरला. अशा शरद ऋतूत रेडिओवर ते विमान पुन्हा उडू लागले, तेव्हा ते केवळ १९४५ चे राहिले नव्हते. केट बुशचे 'ब्रीदिंग' त्याच वर्षीच्या एप्रिलमधले; पुढे १९८३ मध्ये जर्मन गायिका नेना, १९८४ मध्ये 'फ्रँकी गोज टू हॉलिवूड' आणि 'अल्ट्राव्हॉक्स' यांची गाणी याच भयातून आली. पण ती सगळी भविष्यातल्या युद्धाची गाणी आहेत. 'इनोला गे' हे भूतकाळाचे गाणे आहे, आणि भूतकाळ संपलेला नाही असे ते म्हणते. याबाबतीत ते त्या सर्वांहून वेगळे ठरते.

गाण्याची भाषा ही उपालंभाची भाषा आहे. आपल्या गौळणींत गोपी कृष्णाला जसे लटके बोल लावते, तसे येथे विमानाला, काल तू घराबाहेर पडायलाच नको होतेस, या सुरात दटावलेले आहे. त्याच्या खेळांची तक्रार आहे, चुंबनाचा उल्लेख आहे. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हा रसाभास आहे. भाव शृंगाराचा, पण आलंबन अनुचित. मात्र अन्यत्र जो दोष मानला गेला असता तोच येथे अर्थाचा वाहक होतो. चुंबनाची खूण कधी पुसली जाणार नाही असे प्रियकराने म्हणावे यात नवीन काही नाही. हिरोशिमात दगडी पायऱ्यांवर उमटून राहिलेल्या माणसांच्या सावल्यांची छायाचित्रे ज्याने पाहिली आहेत त्याला मात्र तेच शब्द वेगळे ऐकू येतात. वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांत इतके अंतर, आणि तरीही दोन्ही एकाच शब्दांवर उभे, हे लोकप्रिय गीतात क्वचित साधते.

या गाण्यातील काळाची रचनाही तपासण्यासारखी आहे. प्रारंभी काल हा शब्द येतो. पुढे आईला आज आपल्या लहान मुलाचा अभिमान वाटतो का, असे विचारले जाते. वर सांगितलेला तो न वाचलेला योगायोग येथे वाचला गेला आहे, आणि प्रश्न विचारताना 'लिटल बॉय' म्हणजे मुलगा की बॉम्ब हे कवीने जाणूनबुजून मोकळे ठेवले आहे. गाण्यात सव्वाआठची वेळही येते, आणि ती वेळ एका सकाळची न राहता कायमची आहे असे सांगितले जाते. काल, आज आणि नित्य असे तीन काळ काही ओळींच्या अंतरात एकमेकांवर येऊन पडतात. हिरोशिमाच्या स्मारक-संग्रहालयात सव्वाआठला थांबलेली घड्याळे आहेत. नित्य हा काळ त्यांचा आहे.

परंतु सव्वाआठ ही वेळ कोणाची, हा खरा प्रश्न आहे. विमान टिनियन बेटावरून पहाटे पावणेतीनला उडाले ते टिनियनच्या घड्याळाप्रमाणे. ते घड्याळ जपानच्या एक तास पुढे होते. आयोई पुलाच्या रोखाने बॉम्ब सुटला तेव्हा तळावर सव्वानऊ वाजले होते. सव्वाआठ वाजले होते ते खाली, शहरात. म्हणजे ही एक ओळ गाणे हिरोशिमाच्या घड्याळाने मोजते. आणि नंतर काय घडते? रेडिओवर तुझा संदेश आम्हांला मिळाला, परिस्थिती सर्वसाधारण आहे आणि तू घरी परतते आहेस, असा आशय येतो. येथे निवेदक तळावर आहे. जे आम्ही संदेश ऐकतो ते विमान पाठवणारे आहोत. या आशयाला ऐतिहासिक आधारही आहे. मोहिमेतील शस्त्रतज्ज्ञ नौदल अधिकारी विल्यम पार्सन्स यांनी स्फोटानंतर तळाला पाठवलेल्या सांकेतिक संदेशात परिणाम स्पष्ट व पूर्ण यशस्वी असल्याचे, आणि सुपूर्दीनंतर विमानातील स्थिती सर्वसाधारण असून ते तळाकडे परतत असल्याचे कळवले होते. सर्वसाधारण हा शब्द त्या सकाळी खरोखरच वापरला गेला. तो खोटाही नव्हता. विमानात सर्व काही ठीक होते. गीतकाराने येथे काहीही जोडलेले नाही. त्याने शासकीय गद्यातील एक शब्द उचलून प्रेमगीतात ठेवला, एवढेच केले. पण एवढ्यानेच दोन घड्याळे एका गाण्यात टिकटिकू लागतात, एक चालू असलेले आणि एक थांबलेले.

हे आम्ही ब्रिटिश तोंडून येते, यालाही महत्त्व आहे. अणुबॉम्ब अमेरिकेने टाकला, आपण प्रेक्षक होतो, अशी भावना युद्धोत्तर ब्रिटनमध्ये सोयीस्करपणे रुजली. वस्तुस्थिती अशी की १९४३ च्या क्वेबेक करारानुसार बॉम्बच्या वापराला ब्रिटनची संमती लागत होती, आणि ४ जुलै १९४५ रोजी वॉशिंग्टनमधील संयुक्त समितीच्या बैठकीत फील्डमार्शल विल्सन यांनी ती दिली. नागासाकीच्या हल्ल्याच्या वेळी लेनर्ड चेशायर आणि विल्यम पेनी हे दोघे ब्रिटिश निरीक्षक म्हणून दुसऱ्या एका विमानात होते. मक्लस्कीला हे ठाऊक असेल वा नसेल. त्याच्या सर्वनामाला ते ठाऊक आहे.

आता सूर. या गाण्यात शब्दांचे ध्रुवपद नाही. ध्रुवपदाच्या जागी सिंथेसायझरची एक धून येते, मुलांच्या खेळण्यातल्या वाद्यासारखी, लगेच ओठांवर बसणारी. आणि खाली तालयंत्राच्या ठोक्यावर स्वरसंघातांची एकच चौकट आरंभापासून अखेरपर्यंत फिरत राहते. ती कुठे पोहोचत नाही, पुन्हा तिथेच येते. सव्वाआठच्या त्या ओळीला संगीताने दिलेले हे उत्तर आहे असे म्हणता येईल. पण तसे म्हणताना सावध राहायला हवे, कारण अशी फिरती चौकट शेकडो गाण्यांत असते आणि तिथे ती काहीही सांगत नाही. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली, आणि साहित्याचे माध्यम ध्वनी नसून भावनात्मक अर्थ आहे असा आग्रह धरला. गायले जाणारे गीत या मांडणीला अडचणीचे ठरते, कारण तेथे दोन माध्यमे एकाच वेळी चालू असतात. 'इनोला गे'मध्ये त्यांच्यात विरोधलय आहे: शब्द जिकडे जातात तिकडे धून जात नाही. परंतु विरोधलयीतून समतोल साधायचा तर श्रोत्याला दोन्ही बाजू ऐकू यायला हव्यात. नाचणाऱ्याला एकच ऐकू येते. मग हे गाणे फसले का?

गुंटर अँडर्स या जर्मन तत्त्वचिंतकाने १९५६ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. आपण जे निर्माण करू शकतो ते आपल्या कल्पनाशक्तीच्या आवाक्यात राहिलेले नाही. निर्मिती आणि कल्पना यांच्यातील या दरीला त्याने प्रोमीथिअसचे नाव दिले. एका माणसाच्या मरणाचे दुःख आपल्याला होते, लाखाच्या मरणाचे होत नाही. भावना तिथपर्यंत पोहोचतच नाही. अँडर्सने पुढे क्लॉड ईथर्ली या वैमानिकाशी पत्रव्यवहार केला. हिरोशिमावरील हवामान पाहून संदेश देणाऱ्या विमानाचा तो सारथी होता, आणि त्या स्मृतीने तो पुढे आयुष्यभर अस्वस्थ राहिला. टिबेट्स मात्र आपल्याला कधी झोप लागली नाही असे झाले नाही, असेच अखेरपर्यंत सांगत राहिले. अँडर्सच्या दृष्टीने पाहिले तर ही गोड धून म्हणजे घटनेचा विसर नव्हे. घटना आणि आपली भावना यांत जी दरी आहे ती दरीच तिने ऐकण्याजोगी केली आहे. सर्वांना गुणगुणता येते आणि कोणालाच रडू येत नाही, हे त्या सकाळविषयीचे एक सत्यच आहे. आउश्वित्सनंतरच्या कवितेविषयीचे आडोर्नोचे विधान आपल्याकडे सुभाषितासारखे वापरले जाते. आडोर्नोला लोकप्रिय संगीताचा तिटकारा होता, आणि या गाण्यावर त्याने काय निकाल दिला असता हे उघड आहे. तो निकाल मला पुरेसा वाटत नाही.

पण गाण्याची मर्यादाही सांगायला हवी, आणि ती गोड धुनेत नाही. या गीतात हिरोशिमा हे नाव येत नाही. शहर येत नाही, नदी येत नाही, एकही माणूस येत नाही. आई आहे ती वैमानिकाची. हे विमानाचे गाणे आहे, शहराचे नव्हे. शहराचे साहित्य दुसरीकडे, आणि किती अडथळ्यांतून निर्माण झाले याची आठवण येथे करून दिली पाहिजे. ओता योको या लेखिकेने हिरोशिमातून वाचल्यानंतर १९४५ च्या शरदातच 'प्रेतांचे शहर' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. सप्टेंबर १९४५ मध्ये दोस्तांच्या लष्करी प्रशासनाने लागू केलेल्या मुद्रणनियमांमुळे ते १९४८ पर्यंत निघू शकले नाही, आणि निघाले तेव्हा काही भाग गाळून. हारा तामिकी यांची 'उन्हाळी फुले' ही कथा १९४७ मध्ये आली; १९५१ मध्ये लेखकाने आत्महत्या केली. इबुसे मासुजी यांची 'काळा पाऊस' ही कादंबरी १९६५-६६ मध्ये. दुसऱ्या बाजूने जॉन हर्सी यांचे 'हिरोशिमा' हे दीर्घ वृत्तकथन 'न्यूयॉर्कर'ने ३१ ऑगस्ट १९४६ च्या अंकात एकहाती छापले. हर्सी यांनी सहा माणसे निवडली आणि त्यांच्यामागे ते चालत राहिले. लाखाचे दुःख होत नाही, सहांचे होऊ शकते, ही जाण त्या निवडीत होती. 'इनोला गे' या परंपरेत बसत नाही आणि तिच्याशी त्याची तुलनाही करू नये. ते ज्या दुसऱ्या, विरळ परंपरेत बसते ती मारणाऱ्याच्या बाजूने ऐकलेल्या शांततेची आहे. पोवाड्यात पराक्रम असतो आणि वीर असतो. येथे कृती आहे, पण वीराचे नावच घेतलेले नाही. आईचे घेतले आहे.

नावाची कथा गाण्याबरोबर थांबली नाही. बीबीसीच्या 'स्वॉप शॉप' या मुलांच्या कार्यक्रमातून हे गाणे वगळले गेले. शीर्षकातील दुसऱ्या शब्दावरून ते समलिंगी प्रेमाचे गाणे असल्याचा समज झाला होता असे सांगितले जाते. लाखभर माणसांच्या मृत्यूविषयीचे गाणे मुलांना ऐकवण्यात कोणाला काही गैर दिसले नव्हते. यात हसण्यासारखे आहे खरे, पण असले हसू लवकर थिजते. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासमधील हार्लिंजेन येथे एका विमान-प्रदर्शनात टिबेट्स यांनीच बी-२९ उडवून हिरोशिमाच्या हल्ल्याचा प्रयोग केला होता, खाली धुराचे छत्र उभे केले गेले होते, आणि अमेरिकी शासनाला जपानकडे दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. गाण्यातील खेळ या शब्दाला असाही एक संदर्भ आहे.

मग १९९५. हल्ल्याला पन्नास वर्षे होत असताना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान व अवकाश संग्रहालयाने विमानाभोवती एक प्रदर्शन योजले होते. त्यात हिरोशिमाहून आणलेल्या वस्तू असणार होत्या आणि बॉम्बच्या वापराविषयीचे इतिहासकारांतील मतभेदही मांडले जाणार होते. माजी सैनिकांच्या संघटना व वायुदल संघ यांनी विरोध केला, सप्टेंबर १९९४ मध्ये सिनेटने निषेधाचा ठराव केला, संहिता पुनःपुन्हा लिहिली गेली, आणि जानेवारी १९९५ मध्ये प्रदर्शन रद्द झाले. मे महिन्यात संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला. जूनपासून विमानाचा पुढचा भाग तेवढा ठेवला गेला, जवळजवळ भाष्याविना. याच वादाच्या दहा वर्षे आधी, १९८४ मध्ये, देरिदा यांनी अणुयुद्ध ही आजवर न घडलेली, म्हणून केवळ संहितांतच अस्तित्वात असलेली गोष्ट आहे असे म्हटले होते. वॉशिंग्टनच्या प्रसंगात नेमके उलटे झाले. घटना घडलेली होती, वस्तू समोर उभी होती, आणि संहिताच नको होती. नाव चालत होते, नावाचा अर्थ चालत नव्हता.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने विविधतेशी संबंधित मजकूर काढून टाकण्यासाठी निवडलेल्या हजारो छायाचित्रांची यादी वृत्तसंस्थेच्या हाती लागली, तेव्हा तीत या विमानाचीही छायाचित्रे निघाली. दुसऱ्या शब्दावरून यंत्राने ती उचललेली असावीत. १९८० मध्ये निदान माणसाने चूक केली होती.

टिबेट्स २००७ मध्ये वारले. निषेध करणाऱ्यांना जागा मिळू नये म्हणून आपली समाधी बांधू नये असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्यांची रक्षा इंग्लिश खाडीवर विखुरली गेली. विमानाची दुरुस्ती पूर्ण होऊन ते डिसेंबर २००३ मध्ये व्हर्जिनियातील उड्व्हार-हेझी केंद्रात अखंड स्वरूपात मांडले गेले. नाकाडावर ते नाव काळ्या अक्षरांत आहे. मांडणीच्या वेळी त्याच्यापुढे लावलेल्या फलकावर पंखांची लांबी, इंजिनांची शक्ती आणि वजन दिले होते. मृतांचा आकडा त्यावर घालावा अशी मागणी इतिहासकारांनी आणि हिरोशिमाहून आलेल्या वृद्धांनी केली. संग्रहालयाने इतर विमानांच्या फलकांवर असतो तितकाच मजकूर या फलकावरही राहील असे उत्तर दिले.